मालकीणबाईंचं वावर

दिल्लीकडचा लांबचा फेरा करून मी बल्लारपूरला घरी पोचलो, तेव्हा दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. हाताला कणीक लागलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि दार अर्धं लोटून विचारलं, "कोण पाह्यजे?"

"हे माह्यंच घर हाय," मी म्हणालो.

"थांबा, काकूले इचारते," ती म्हणाली आणि दार लावून आत गेली.

मी आपल्याच दारात बॅग खांद्यावर घेऊन उभा. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं, मग मायचं, मग लेकीचं. ती मुलगी घरमालकाची नवी सून होती, बायकोकडून पुरणपोळी शिकायला आली होती. तिच्या लग्नात आमच्या घरचे सगळे जेवले. मी तेव्हा ओडिशात कुठल्याशा गोदामाबाहेर कागदाचे रीळ उतरण्याची वाट पाहत बसलो होतो.

जेवताना तो किस्सा प्रत्येकीनं आपापल्या परीनं सांगितला आणि दर वेळी मी थोडा जास्त बावळट होत गेलो. मीही हसलो. पण नंतर भांडी आवरता आवरता बायको म्हणाली, "हसाची गोष्ट हाय, पन खरी हाय. पोरगी बारावीत गेली. ती पाचवीत होती तवापासून तुमी पावण्यावानी येता आन पावण्यावानी जाता."

वीसेक वर्षं मी लांबची गाडी चालवत होतो. बाप कागद कारखान्याच्या लाकूड डेपोत हमाली करायचा. तो गेल्यावर मी स्टेअरिंग धरलं आणि मग रस्ता नेईल तिकडे गेलो. मनात एकच गोष्ट होती: स्वतःचा ट्रक घ्यायचा. त्यासाठी थोडं थोडं बाजूला पडत होतं. ट्रकचा रंग ठरला होता, मागच्या फळीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं. घरी फक्त माझं येणं-जाणं ठरलेलं नव्हतं.

नव्या नोकरीची बातमी बायकोच्या भावानं आणली. तिचं माहेर सिंदेवाहीजवळचं, धानाच्या गावातलं. तिथल्या एका राइस मिलला ड्रायव्हर हवा होता. गावोगावचं धान भरून मिलवर आणायचं, संध्याकाळी घरी. पगार लांबच्या गाडीपेक्षा कमी. मी नाक मुरडलं. बायकोनं भावाला फोनवर सांगून टाकलं, "येऊन राह्यले म्हना सोमवारी."

मिलचे शेठ पांढऱ्या पायजम्यात खुर्चीवर बसले होते. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. लायसन्स त्यांनी पाहिलंच नाही.

"गावात गाडी चालवता येते का तुमाले?"

मला ते लागलं. "शेठ, मी घाटातून लोडची गाडी उतरवली हाय. दिल्लीचं ट्राफिक काढलं हाय."

"ते ठीक हाय. पन इथी घाट नाई. इथी म्हशी हायेत, बैलबंड्या हायेत, रस्त्यावर धान वाळत टाकलेलं राहते आन त्याच्यावर बुढी झोपून राहते. हॉर्न मारला तर उठत नाई, शिव्या देते. चालवता येते का?"

"येईन," मी म्हणालो.

"येईन का येते?"

"शिकीन शेठ."

ते हसले. नोकरी लागली.

मिलचा ट्रक सहा चाकांचा होता. माझ्या टेन-टायरपुढे खेळण्यासारखा वाटायचा. मी सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारपूरहून निघून सिंदेवाहीला उतरायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पहिल्या आठवड्यात लेक रोज दारात उभी राहून म्हणायची, "कोण पाह्यजे?" आणि मग चहा टाकायची. दिवस मावळायच्या आत घरी येऊन, हातपाय धुऊन, दारात खुर्ची टाकून बसायचं, ही गोष्ट मला इतकी नवी होती की पहिले काही दिवस करायचं काय तेच कळेना. शेजारचे लोक मला विचारत, "तब्येत बरी हाय ना भाऊ?"

दिवाळी नुकतीच झाली होती. गावागावांत धान निघत होतं. एका दुपारी जंगलाच्या कडेच्या एका गावातून मी भरलेला ट्रक घेऊन पांदणीच्या कच्च्या वाटेनं निघालो. समोरून बैलबंडी आली. महामार्गावर समोरचा बाजूला होतो, तशी माझी सवय. इथे बैलांना ते माहीत नव्हतं. मीच गाडी कडेला घेतली. कडेची माती वरून कोरडी दिसत होती, आत मात्र ओल होती, कारण वरच्या अंगाला बोडी होती. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहानसं तळं. मागचं चाक बसलं, खाली धानाचं खाचर म्हणजे बांधी होती, तिच्या कडेचा मातीचा धुरा फुटला आणि माझी गाडी कट्ट्यांत भरलेल्या धानासकट हळूच, अगदी सावकाश, त्या शेतात कलंडून टेकली. उलटली नाही, हे नशीब.

मी खाली उतरलो. बांधीत धान कापून झालं होतं, त्या ओलीवर डाळीची लाखोळी उगवली होती, हिरवीगार. तिच्या मधोमध माझं चाक. काठी टेकत एक म्हातारा आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाखाली वाकून पाहिलं, मग मला विचारलं,

"ट्रक पेरून राह्यला का गा माह्या वावरात?"

मला हसावं की माफी मागावी कळेना. मी माफी मागितली.

"माफीनं धुरा उभा होते का?" तो म्हणाला. मग मागे वळून त्यानं गावाकडे अशी आरोळी दिली की अर्ध्या तासात ट्रॅक्टर आला, माणसं आली, बायाही आल्या, कट्टे उतरवले गेले आणि माझ्या गाडीला दोर बांधून सगळ्यांनी ती वर काढली. शेठना फोन केला तर ते म्हणाले, "म्या सांगतलं होतं."

नुकसानीचं किती द्यायचं, मी म्हाताऱ्याला विचारलं.

"पैसा नोको मले. धुरा तोडला, धुरा बांधून दे."

मला धुरा बांधता येत नव्हता. मी घरी येऊन हे सांगितलं, तर माय चटईवर उठून बसली. म्हणाली, "मी येतो."

मायचं लहानपण धानाच्याच मुलखात गेलं होतं. तिच्या बापाकडे हातभर जमीन नव्हती. लग्न होईस्तोवर ती लोकांच्या बांधीत रोवणी करायची, निंदण करायची, कापणी करायची. बल्लारपूरला आल्यावर तिच्या पायाला चिखल लागला नव्हता. रविवारी आम्ही तिघं गेलो: माय, बायको आणि मी. फावडं मी चालवलं, माती बायकोनं ओढली आणि धुरा मायनं बांधला. मातीचे गोळे एकावर एक थापायचे, पायानं चेपायचे, वरून ओला हात फिरवायचा. मी मधेच थांबलो की ती म्हणायची, "हात चालव बापू, माती वाळून जाईन."

म्हातारा बोडीच्या पाळीवर बसून पाहत होता. त्याची बायको लाखोळीचे शेंडे खुडत होती. दुपारी तिनं आम्हाला घरी नेऊन त्याच लाखोळीची भाजी आणि भात वाढला. मायला आग्रह करकरून वाढला. दोघी म्हाताऱ्या थोड्याच वेळात अशा बोलायला लागल्या की जणू एकाच गावच्या. निघताना म्हातारा मला म्हणाला, "तुह्या मायनं लय धान केलं हाय गा. हात सांगते."

त्यानंतर त्या गावात धान भरायला गेलो की मी म्हाताऱ्याकडे चहा प्यायचो. मी त्यांना बाबाजी म्हणायला लागलो आणि म्हातारीला मावशी. एक दिवस बाबाजी म्हणाले, "हे बोडीखालचं वावर इकून टाकतो म्हनतो. गावाजवळचं एक हाय, तेवढं पुरते आमाले. गुडघे गेले. पोरगा हैदराबादले, तो काही चिखलात येत नाई."

"गिऱ्हाइक आलं का?"

"येते ना. शहरातले चष्मेवाले येतेत. इथी खोल्या बांधतीन म्हने, लोक वाघ पाहाले येतीन. म्या म्हनलं, वाघ तं आमी रोज पाहतो, तुमी खोल्या कायले बांधता?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "धान पिकवनारा पाह्यजे मले."

मी ते घरी येऊन सहज सांगितलं. खरंच सहज. पण ताटावर सगळ्यांचे हात थांबले.

माय उठून आत गेली आणि पाणी पिऊन आली. बायको म्हणाली, "घेऊन टाकू."

"आन ट्रक?"

लेक म्हणाली, "बाबा, ट्रकवर मागं काय लिवनार होते तुमी?"

मी सांगितलं नाही. ते तिच्याच नावाचं होतं, आणि जरा लाजच वाटली. मी म्हणालो, "ट्रक कमाई करून देते. वावरात पाऊस नाई आला तर काय?"

"ट्रक घेतला तर तुमी पुन्हा जासान," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मले ट्रक नोको."

त्या वाक्यावर मी खूप विचार केला असं नाही. खरं तर तिनं म्हटलं तेव्हाच ठरलं होतं; पण माणूस लगेच हो म्हणत नाही, म्हणून मी दोन दिवस घेतले.

शेत पाहायला पुन्हा सगळे गेलो. लेकही आली. एका टोकाला बोडी, दुसऱ्या टोकाला जंगल आणि मधे पायऱ्यांसारख्या बांध्या. जंगलाकडच्या कोपऱ्यात मोहाचं एक मोठं झाड. धुऱ्यावर ओल्या मातीत वाघाच्या पंजाचे ठसे होते, कालचेच. लेक माझ्या मागे आली. बायको ठशांकडे पाहून म्हणाली, "इथी एकट्यानं याचं नाई. चार जण मिळून याचं, बोलत बोलत."

माय मात्र ठशांशेजारून चालत गेली. "असू दे. त्याले कुठी सातबारा लागते? तो फिरते, आपन पिकवू."

सातबारा हा शब्द तिनं सहज काढला, पण तोच आडवा आला. मी तलाठ्यांकडे चौकशीला गेलो, बायको सोबत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही शेतकरी आहात का?"

"होनार हाय ना," मी म्हणालो.

"तसं नाही चालत. शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्याच्या नावानं आधी कुठे तरी शेती असावी लागते. वडिलांच्या नावानं आहे?"

नव्हती. आजोबांच्याही नव्हती. आमच्या सात पिढ्यांत जमीन म्हणजे लोकांची. मी उठलो. मनात आलं, वीस वर्षं देशभर फिरलो, कुणी कुठे अडवलं नाही आणि आता एवढ्याशा बांधीच्या दारात अडलो. मायला काय सांगायचं, याचा विचार करत मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात मागून बायको म्हणाली,

"मी शेतकरी हाय."

तलाठ्यांनी मान वर केली. ती खुर्चीवर सरसावून बसली होती. "माह्या बाबाच्या वावरावर माह्यं नाव हाय. भावासोबत. बाबा गेले तवा वारस म्हून चढवलं."

तिचे वडील गेले तेव्हाची गोष्ट मला पुसट आठवत होती. तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं की बहिणीनं हक्क सोडून द्यावा, तशी रीत आहे. ती म्हणाली होती, भाऊ म्हणेल तेव्हा सही करते. आणि भाऊ काही म्हणालाच नाही. आम्ही तिथूनच त्याला फोन लावला. तो पलीकडून हसत म्हणाला, "बाई, तुह्यं नाव काढाले तालुक्याले चकरा माराव लागत होत्या. म्या म्हनलं राहू दे, बहीनच हाय. आन आता कोन काढते?"

माझ्या साळ्याचा आळस मी आजवर पुष्कळ नावाजला आहे, पण त्या दिवसाइतका मनापासून कधीच नाही.

कार्यालयातून बाहेर पडलो. कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. मी दोन चहा सांगितले आणि बायकोपुढे मान लववून म्हणालो, "मालकीणबाई, गडी ठेवता का?"

"हात पाहू दाखवा," ती म्हणाली. मी दाखवले. "स्टेअरिंगचे घट्टे हायेत. चालतीन."

रजिस्ट्रीचा दिवस उन्हाळ्याच्या तोंडावर ठरला. जंगलात पानगळ झाली होती. आम्ही सगळे नवे कपडे घालून कार्यालयात बसलो. साळा आपली मोटरसायकल घेऊन आला होता. पुकारा व्हायची वेळ झाली, पण बाबाजी आले नाहीत. फोन बंद. बायको माझ्याकडे पाहायची, मी दाराकडे. माय म्हणाली, "जाऊन पाह्य ना बापू, बरं-वाईट तर नसन झालं?"

मी साळ्याची मोटरसायकल घेऊन सुटलो. घराला कुलूप. शेजारणीनं वावराकडे बोट दाखवलं. तिथे मोहाखाली दोघं बसले होते. बाबाजी धोतर-टोपी घालून तयार. पण मावशी झाडाच्या बुंध्याशी गुडघ्यांना मिठी मारून बसलेली.

"म्या किती समजावलं," बाबाजी म्हणाले. "उठत नाई."

मी समोर उकिडवा बसलो. मावशी म्हणाली, "वावर घ्या गा तुमी. वावराचं मले काई नाई, पाठ मोडली त्याच्यात माही. पन हा मोह मी या घरात आली तवापासून येचतो. लेकरं पाठीशी बांधून येचला. आता कोन्या तोंडानं लोकाच्या वावरात टोपली घेऊन येऊ?"

वर पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे गुच्छ लागले होते. थोड्याच दिवसांत वेचायची फुलं गळायला लागणार. अशा वेळी बोलणं मला जमत नाही. मी टोलनाक्यावर बोलू शकतो. मी बायकोला फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन मावशीपुढे धरला.

"मावशी," बायको म्हणाली, "मोह तुमचाच हाय. तुमी येजा, येचजा. मी चहा ठेवीन."

मावशी फोनकडे संशयानं पाहत होती. "कागदावर लिवसान?"

"कागदावर कायले? कागद माह्या पेटीत राहीन, मोह तुमच्या टोपल्यात राहीन. आन तुमाले झेपन नाई तवा माही सासू येचून आनून देईन. ती इथी बसली हाय, इचारा तिले."

पलीकडून मायचा आवाज आला, "ये वं बाई लवकर. भूक लागली मले."

मावशी हसली. पदरानं तोंड पुसून उठली. आम्ही तिघं एका मोटरसायकलवर निघालो: मी पुढे, बाबाजी मधे, मावशी मागे एका अंगाला बसून, एका हातानं बाबाजींचा खांदा आणि दुसऱ्या हातानं उघडी छत्री धरलेली. वाटेत वारा आला की छत्री आम्हाला मागे ओढायची. मी आयुष्यात इतका जपून कधी गाडी चालवली नव्हती.

कार्यालयात फोटो काढले, अंगठे घेतले. व्यवसाय काय, असं विचारल्यावर बायकोनं "शेती" असं मोठ्यानं सांगितलं, इतकं की शेजारच्या बाकावरच्या लोकांनी वळून पाहिलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर येऊन जिलेबी घेतली. मावशी आणि मायनं एकमेकींना भरवली. लग्न लागल्यासारखंच वाटत होतं. फक्त कोणाचं ते कळत नव्हतं. मिलवर पेढे नेले तेव्हा शेठनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता तुमी पन धान आनसान तं भावासाठी माह्यासंगच भांडसान."

मोह पडायला लागला. मावशी पहाटे येई, गावातल्या चारपाच बाया सोबत घेऊन. माय काही दिवस साळ्याकडे राहायला गेली ती त्यासाठीच. पण तिचा खरा हट्ट रोवणीचा होता.

आषाढात धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार झाले. चिखलणी झाली. रोवणीला बाया आल्या, भराभर लुगडी खोचून बांधीत उतरल्या. माय मात्र धुऱ्यावरच उभी. हातात पऱ्ह्यांची जुडी. मी म्हणालो, "काऊन वं माय, उतर ना."

ती म्हणाली, "लोकाच्या बांधीत पटकन उतरत होतो. मालकीन ओरडन म्हून." आणि उगाच जुडीचा चिखल झाडत राहिली.

एका बाईनं खालून हाक मारली, "या ना मालकीणबाईच्या सासूबाई!" सगळ्या हसल्या, मायही हसली आणि उतरली. उतरली ती मग दिवसभर निघाली नाही. तिची ओळ सगळ्यांच्या पुढे. दुपारी चहा आला तेव्हा तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हा कोनं केला? पानी हाय नुसतं. मी जल्मभर लोकाच्या धुऱ्यावर पानचट चहा पिला. आपल्या धुऱ्यावर नाई चालनार." पुन्हा दूध आणवलं, पुन्हा चहा झाला, साखर सढळ. मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. पण त्यांनीही दुसरा कप घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रोवणीला आदल्या दिवसापेक्षा जास्त बाया आल्या.

रोवणी संपली. मी मायला न्यायला गेलो. ती बाबाजींच्या ओसरीत मावशीसोबत भाजी निवडत होती. म्हणाली, "आठ दिवस थांबतो. पानी पाहाव लागते." आठ दिवसांनी म्हणाली, "निंदन हाय." मग म्हणाली, "पोळा झाला की येतो." पोळाही झाला. फोन केला की ती धानाबद्दलच बोलायची आणि बोलून झालं की ठेवून द्यायची.

शेवटी लेक म्हणाली, "आजी येत नाई तर आपनच जाऊ ना." ती बारावी झाली होती. कॉलेज सिंदेवाहीलाही होतं. मिल तिथून जवळ. बाबाजींच्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या, पोराच्या. आम्ही बल्लारपूरचं सामान मिलच्याच ट्रकमध्ये भरलं, शेठच्या परवानगीनं. घरमालकाची सून दारात उभी राहून रडली. आता तिला पुरणपोळी आमच्यापेक्षा चांगली येते.

पहिल्या साली धान बरं झालं. फार नाही, बरं. डुकरांनी एक कोपरा लोळवला. खायला ठेवून उरलं ते मी मिलवर नेलं आणि खरोखरच भावावरून शेठशी भांडलो. लेक चिखलात उतरत नाही; ती मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहून सगळ्या गावाला सांगते आणि अंदाज चुकला की लोक तिलाच विचारतात, "काऊन वं पोरी, पाऊस कुठी गेला?"

मागच्या पावसाळ्यात माझा एक जुना सोबती भेटायला आला. आम्ही कित्येक वर्षं एकामागे एक गाड्या चालवल्या होत्या. सिंदेवाहीला माल उतरवून तो तडक आमच्याकडे आला, पॅन्टला इस्त्री, पायात नव्या चपला. मी त्याला पाळीवर नेलं. धान पोटरीला आलं होतं. त्यानं वाकून पानांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आन ट्रक कवा घेतो बे?"

मी उत्तर द्यायच्या आत खालच्या बांधीतून माय ओरडली, "ट्रकचं नंतर पाहा! खेकडे निघाले इथी, टोपली आना. आन त्या पावण्याले इचार, खेकड्याचा रस्सा खाते का तो?"

"खातो माय," सोबती म्हणाला.

"मंग तिथी काय उभा हाय? धराले ये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नव्या चपला काढून पाळीवर नीट जोडीनं ठेवल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि माझ्याआधी बांधीत उतरला.